आईचे रोजचे वजन आणि घरातला काटा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचे वय ६८, हृदयाची पंप करण्याची क्षमता कमी झालेली. रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी रोज सकाळी वजन करून लिहून ठेवायला सांगितले आणि तीन दिवसांत २ किलोहून अधिक वाढ दिसली तर लगेच कळवायला बजावले. घरात काचेचा डिजिटल काटा आहे. वापर झाला की तो कपाटाशेजारी भिंतीला टेकवून उभा ठेवला जातो. आईंना लागोपाठ तीनदा उभे केले तेव्हा ६३.७, ६२.४ आणि ६२.६ असे आकडे आले. न्हाणीघरात नेल्यावर आणखी वेगळा आकडा आला आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात ६४.१ भरले. आता १,५०० रुपयांच्या आत मिळणारा अचूक काटा कोणता, हे आपल्याला हवे आहे.

मी गेली २६ वर्षे वजनकाट्यांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचे आकडे प्रमाणित वजनांशी जुळवून देण्याचे काम करतो. माझे बहुतेक काम किराणा दुकानांतल्या आणि मार्केट यार्डातल्या काट्यांचे असते. व्यापारी ज्याला ‘पासिंग’ म्हणतात, त्या वैध मापन शास्त्र विभागाच्या वार्षिक पडताळणीसाठी ते काटे तयार करून द्यायचे. घरगुती काट्यांना ही वार्षिक पडताळणी लागू नाही, कारण त्यांच्यावर खरेदी-विक्री होत नाही. म्हणजे आपल्या घरातला काटा बरोबर आहे की नाही, हे पाहायला कोणी निरीक्षक येणार नाही. ते काम आपल्यालाच करावे लागते. ते अवघड नाही.

नवा काटा सुचवण्याआधी मला आपल्या तीन आकड्यांबद्दल बोलायचे आहे, कारण आपला काटा बिघडलेला नसण्याची बरीच शक्यता त्यांत दिसते. पहिला आकडा ६३.७ आणि पुढचे दोन ६२.४ व ६२.६. पहिलाच तेवढा किलोभराने जास्त आणि नंतरचे दोन एकमेकांच्या जवळ, हे मी असंख्य घरांत पाहिले आहे. त्याचे मूळ काटा उभा ठेवण्यात असते.

डिजिटल काट्याच्या चार पायांत चार लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे धातूची एक छोटी पट्टी. तिच्यावर अतिशय पातळ, नागमोडी तारेसारखी एक पट्टी चिकटवलेली असते. भार पडला की धातू किंचित वाकतो, चिकटवलेली तार ताणली जाते आणि तिचा विद्युत रोध बदलतो. चारही पायांतला बदल एकत्र मोजून काटा वजन दाखवतो. पण या चार पायांवर फक्त माणसाचा भार नसतो, तर वरच्या काचेचाही असतो आणि ती काच किलो-दीड किलोची सहज असते. काच आडवी असताना तिचे वजन पायांवर येते, काटा भिंतीला उभा केला की ते येत नाही. जुन्या तराजूची दोन पारडी रिकामी असताना समतोल नसली तर हलक्या बाजूला पासंग बांधत असत. डिजिटल काटा तोच पासंग मनातल्या मनात बांधतो, म्हणजे रिकामा असताना जेवढा भार जाणवतो त्याला शून्य मानतो. उभ्या अवस्थेतले शून्य त्याच्या लक्षात असेल आणि आपण तो आडवा टाकून लगेच आईंना वर उभे केले, तर काचेचे वजन आईंच्या वजनात मिळते. त्या खाली उतरल्या की काटा नवे शून्य घेतो, म्हणून दुसरा आकडा खाली येतो.

यावर उपाय असा की काटा जमिनीवर ठेवल्यावर पायाने एकदा दाबून जागा करावा, ०.० दिसू द्यावे, तो आपोआप बंद होईपर्यंत थांबावे आणि मगच वजन करावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे काट्याला कायमची एक जागा देणे आणि तेथून तो हलवूच नये. पलंगाखाली सरकवून ठेवला तरी चालेल, पण आडवा, आणि रोज बाहेर ओढल्यावर आधी शून्य घेऊन. नवा काटा घेतला तरी हे करावेच लागेल, नाहीतर १,५०० रुपये खर्चूनही पहिला आकडा चुकीचाच येत राहील.

न्हाणीघरातल्या वेगळ्या आकड्याचे कारण आणखी सरळ आहे. याला इंग्रजीत बाथरूम स्केल म्हणत असले, तरी आपल्या न्हाणीघरांची फरशी पाणी वाहून जावे म्हणून मोरीकडे उतरती केलेली असते. उतारावर काट्याचे चार पाय सारखा भार घेत नाहीत आणि एखादा पाय फरशीच्या सांध्यात गेला तर काटा डुगडुगतो. जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीवरही हे होते. शिवाय ओलावा लोडसेलच्या बारीक तारांना आणि बॅटरीच्या पट्ट्यांना गंज आणतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत हे लवकर होते. आणि ६८ वर्षांच्या बाईंनी ओल्या काचेवर चढणे हा धोका कोणत्याही अचूकतेसाठी पत्करण्यासारखा नाही. खोलीतली सपाट, कडक, कोरडी जागा निवडा. गालिचा, सतरंजी, चटई, रबरी मॅट यांवर काटा ठेवू नका, कारण मऊ पृष्ठभागात पाय रुततात, काट्याचा तळ खाली टेकतो आणि तेवढा भार लोडसेलला चुकवून थेट जमिनीत जातो.

आता दवाखान्यातल्या ६४.१ कडे वळू. तेथे आई बहुधा चहा-नाश्ता करून, बाहेर जायची साडी नेसून, कदाचित चपला घालून उभ्या राहिल्या असतील. अर्धा लिटर पाणी प्यायले की शरीराचे वजन अर्धा किलो वाढते, त्यात गूढ काही नाही. जड साडी, परकर, शाल यांचे मिळून किलोच्या आसपास होऊ शकते. त्यात दवाखान्याचा काटा शेवटचा कधी तपासला गेला, हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून दोन काट्यांतला खरा कोणता, या शोधात पडू नका. पुढच्या भेटीच्या दिवशी निघण्यापूर्वी त्याच कपड्यांत घरी वजन करा, दवाखान्यात पोहोचल्यावर तेथे करा आणि दोन आकड्यांतला फरक वहीत नोंदवा. डॉक्टरांना रोजचे आकडे मात्र घरच्याच काट्याचे सांगा; दोन काट्यांचे आकडे एका रांगेत मिसळू नका.

येथेच आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. आपण ‘अचूक’ काटा मागितला आहे, पण आईंच्या आजाराला लागतो तो दररोज एकसारखे सांगणारा काटा. समजा एखादा काटा कायम ८०० ग्रॅम जास्त दाखवतो. सोमवारी ६२.० ऐवजी ६२.८ आणि गुरुवारी ६४.१ ऐवजी ६४.९. दोन्ही आकडे चूक, पण वाढ २.१ किलो हे उत्तर बरोबर, आणि डॉक्टरांना तेच हवे आहे, कारण या आजारात अशी झटपट वाढ ही अंगात पाणी साचत असल्याची खूण असते. याउलट सरासरीने बरोबर असणारा, पण आज अर्धा किलो वर आणि उद्या अर्धा किलो खाली जाणारा काटा आपल्याला विनाकारण रात्री दवाखान्यात धावायला लावील, किंवा त्याहून वाईट म्हणजे खरी वाढ लपवील. एखाद्या नातेवाइकाने लंडनहून तेथल्या गुरुत्वाकर्षणाला लावलेला काटा पाठवला, तर तेथले गुरुत्वाकर्षण मुंबईपेक्षा किंचित जास्त असल्यामुळे तो येथे ६२ किलोमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास कमी दाखवील. तोही आईंसाठी चालेल, कारण दररोज तेवढाच कमी दाखवील.

परिस्थितीनुसार हे उत्तर बदलते. तान्ह्या बाळाचे वजन करायचे असते तर मी असा मोठ्या माणसांचा काटा सुचवलाच नसता. त्याला कमी क्षमतेचा, ५ किंवा १० ग्रॅमने मोजणारा काटा लागतो. वजन कमी करण्यासाठी कोणी आठवड्यातून एकदा पाहत असेल, तर काटा थोडा इकडेतिकडे झाला तरी फार बिघडत नाही. आणि आई आधाराशिवाय दहा सेकंद स्थिर उभ्या राहू शकत नसतील, तर कोणताही सपाट घरगुती काटा उपयोगाचा नाही, कारण भिंतीवर वा काठीवर टेकलेला हात भार घेतो आणि किती घेतो हे रोज बदलते. तसे असेल तर डॉक्टरांशी बोलून बसून वजन करण्याच्या काट्याची किंवा दुसऱ्या एखाद्या देखरेखीची सोय पाहावी. उभ्या राहू शकत असतील, तर चढताना आणि उतरताना आपण हात द्यावा, मधल्या वेळात सोडावा.

काट्यांचा एक दोष मला फार गंभीर वाटतो आणि त्याविषयी मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. अनेक स्वस्त डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात. नवे वजन आधीच्या वजनाच्या जवळपास, म्हणजे दोन-चारशे ग्रॅमच्या आत आले, तर ते नवा आकडा न दाखवता जुनाच पुन्हा दाखवतात. ग्राहकाने लागोपाठ तीनदा चढून पाहिले की तीनही वेळा अगदी एकच आकडा येतो आणि काटा फार उत्तम वाटतो. माझ्या वडिलांना आईंसारखाच आजार होता. त्यांच्यासाठी मी बाजारातून एक चांगला दिसणारा काटा आणला आणि माझे काम हेच असूनही तो तपासून घेतला नाही. तीन दिवस ५८.६ हाच आकडा लिहिला गेला, पायांवर मात्र सूज चढत होती. चौथ्या दिवशी एकदम ५९.३ आले. वाढ तर रोज थोडी थोडी होतच होती; काटा ती मागच्या आकड्याखाली झाकत होता. त्या तीन दिवसांत औषधाचा डोस बदलता आला असता. त्यानंतर मी काट्याच्या आकड्याआधी वडिलांचे घोटे दाबून पाहू लागलो. आपणही आईंचे घोटे रोज पाहत जा. सूज, रात्री आडवे पडल्यावर लागणारा दम किंवा नेहमीपेक्षा जास्त उशा लागणे यांतले काही दिसले, तर वजन स्थिर असले तरी डॉक्टरांना कळवा.

हा दोष पकडणे सोपे आहे. काट्यावर उभे राहून आकडा पाहा. उतरा, काटा बंद होऊ द्या. आता २०० मिलिलिटर पाणी भरलेली छोटी बाटली हातात घेऊन पुन्हा चढा. १०० ग्रॅमने मोजणाऱ्या काट्याने सुमारे ०.२ ची वाढ दाखवायला हवी. एखादे वेळी ०.१ किंवा ०.३ आले तरी हरकत नाही. आकडा जराही हलला नाही, तर उतरून काट्यावर पाण्याची भरलेली बादली ठेवा, म्हणजे त्याच्या स्मरणातला आकडा पुसला जाईल, आणि मग तीच बाटली घेऊन पुन्हा चढा. बादलीनंतर आकडा बदलला, तर काटा मागचे वजन धरून ठेवतो हे नक्की. असा काटा परत करावा. परत करता येत नसेल, तर रोज आईंच्या आधी बादली ठेवण्याची सवय लावावी.

एकसारखेपणा तपासताना हीच काळजी घ्या. काटा एका जागी ठेवून शून्य घेतल्यावर पाच वेळा चढा-उतरा, प्रत्येक वेळी मध्ये बादली ठेवा आणि पाचही आकडे लिहा. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांत २०० ग्रॅमपेक्षा जास्त अंतर नसेल, तर आईंच्या कामासाठी तो काटा उत्तम आहे. तुलनेसाठी सांगतो: दुकानांतले काटे ज्या अचूकता-वर्गात मोडतात, त्या वर्गाचा १०० ग्रॅमने मोजणारा काटा असेल, तर ६२ किलोवर पडताळणीच्या वेळी दोन्ही बाजूंना १०० ग्रॅमपर्यंत आणि नंतर वापरात असताना त्याच्या दुप्पट चूक मान्य असते. तेव्हा घरगुती काट्याकडून त्याहून अधिक कडक अपेक्षा ठेवणे योग्य नाही. पाच आकड्यांत अर्धा किलोचा फरक पडत असेल, तर मात्र तो काटा या कामाचा नाही.

खरे वजन किती जवळ दाखवतो हेही पाहायचे असेल, तर पाण्याचा २० लिटरचा कॅन झाकण लावून ओळखीच्या किराणा दुकानात न्या. त्यांचा काटा बहुधा ३० किलोपर्यंतचा असतो, ५ किंवा १० ग्रॅमने मोजतो आणि त्यावर चालू वर्षाच्या पडताळणीचा शिक्का असतो. तेथले वजन कॅनवर लिहून घ्या. घरी घरातल्या एखाद्या धडधाकट माणसाने आधी एकट्याने आणि मग तो कॅन उचलून काट्यावर उभे राहावे; दोन आकड्यांतला फरक कॅनवर लिहिलेल्या वजनाशी जुळला पाहिजे. नुसता कॅन काट्यावर ठेवण्यापेक्षा ही पद्धत बरी, कारण २० किलोवर बरोबर असणारा काटा ६० ते ८० किलोच्या पट्ट्यात चुकू शकतो आणि आईंचे वजन त्याच पट्ट्याजवळ आहे. गॅस सिलिंडरवर त्याचे रिकामे वजन लिहिलेले असते आणि आत १४.२ किलो गॅस असतो, म्हणून सील न तोडलेल्या सिलिंडरनेही पडताळा घेता येतो. पण त्याची कडी अरुंद असते, काचेवर थेट ठेवली तर काच तडकेल. मध्ये लाकडी फळी ठेवून तिचे वजन वजा करावे.

आम्ही काट्याचे कोपरेही तपासतो. तोच कॅन चारही कोपऱ्यांजवळ आळीपाळीने ठेवून पाहावा. एका कोपऱ्यात आकडा बराच वेगळा आला, तर त्या पायाच्या लोडसेलमध्ये दोष आहे. वयस्कर माणसे रोज थोड्या वेगळ्या जागी पाय ठेवतात, त्यामुळे असा काटा रोज वेगळे बोलतो. काटा चांगला असला तरी पाय ठेवण्याच्या जागा रंगीत चिकटपट्टीने आखून द्याव्यात.

इतके करूनही आपला सध्याचा काटा नापास झाला, तर नवा घ्या, आणि १,५०० रुपये त्यासाठी पुरेसे आहेत. उलटा करून पाहा: चार पाय चार कोपऱ्यांत दूरदूर असावेत आणि रुंद असावेत. वरचा पृष्ठभाग किमान ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि शक्यतो खरबरीत असावा. गुळगुळीत काचेपेक्षा रेघांचा रबरी वा प्लॅस्टिकचा माथा आईंना सुरक्षित. आकडे मोठे असावेत आणि खाली उतरल्यावरही काही सेकंद दिसत राहावेत, म्हणजे आकडा वाचण्यासाठी आईंना वाकावे लागणार नाही. वाकले की तोल जातो आणि आकडाही हलतो. बारीक पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातही सेल मिळतात.

लघुतम माप १०० ग्रॅम असले की पुरे. ५० ग्रॅमने मोजणारा म्हणून ज्यादा पैसे देऊ नका. पडद्यावर बारीक आकडा दिसणे आणि तो आकडा विश्वासार्ह असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खोक्यावर पहिली छापलेली असते, दुसरी नसते. १८० किलोची क्षमताही आईंच्या उपयोगाची नाही. तबकडी आणि सुई असलेले, स्प्रिंगचे काटे बॅटरीशिवाय चालतात हे खरे, पण त्यांवर बहुधा किलोकिलोच्या रेघा असतात आणि बघणाऱ्याच्या उंचीनुसार सुई रेघेच्या अलीकडे-पलीकडे दिसते. दोन किलोची वाढ वेळेत पकडायची असताना ते नकोत.

चरबी, स्नायू, पाणी यांचे प्रमाण मोबाइलवर दाखवणारे काटे याच किमतीत मिळतात आणि विक्रेते तेच पुढे करतात. ते एका तळपायातून दुसऱ्या तळपायात अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतात, त्याला होणारा अडथळा मोजतात आणि वय, उंची, लिंग यांच्या सूत्रात घालून बाकीचे आकडे अंदाजाने काढतात. ज्यांच्या शरीरात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेले आहे, त्यांनी असे काटे वापरू नयेत, अशी सूचना त्यांच्या माहितीपत्रकांतच असते. आईंना तसे उपकरण बसवले आहे का, हे आपण लिहिलेले नाही. हृदयाच्या या आजारात पुढे ते बसवण्याची वेळ येऊ शकते, म्हणून साधा, फक्त वजन दाखवणारा काटाच घ्या.

खरेदी अशा ठिकाणी करा जेथे आठवडाभरात परत घेतात, आणि त्याच दिवशी वरच्या चाचण्या करा. घरगुती काटा नंतर दुरुस्तीला नेऊ नका. माझा धंदा दुरुस्तीचा असूनही सांगतो, त्यांचे लोडसेल सुटे मिळणे कठीण असते आणि मजुरी काट्याच्या किमतीशी बरोबरी करते.

आधी मात्र घरातल्या काट्याला एक संधी द्या. आज रात्री तो आडवा करून सपाट जागी ठेवा आणि शून्य घ्या. उद्या सकाळी आई शौचाला जाऊन आल्यावर, चहा घेण्यापूर्वी, रोजच्याच पातळ गाऊनवर आणि अनवाणी त्यांचे वजन करा. आकडा लगेच दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा. दुपारी आपण स्वतः पाच वेळा चढण्याची आणि बाटलीची चाचणी करा. ते पाच आकडे आणि बाटलीसह आलेला आकडा मला कळवा, म्हणजे हा काटा ठेवायचा की बदलायचा, हे खात्रीने सांगता येईल.